गाऱ्हाण्याला पत्ता पूर्ण लागतो

जानकी तांडेल इंटरनेटवर 'किनारा' या नावाने वावरत असे. मुलीचं नाव तिथे 'शिंपली' होतं. नवऱ्याचा उल्लेख ती कुठे करतच नसे, पण तो काही गोपनीयतेचा भाग नव्हता. सांगण्यासारखं काही नव्हतं, एवढंच. गावाच्या जागी ती 'पश्चिम किनाऱ्यावरचं एक गाव' असं लिही. खरं तर ती देवबागेत राहत होती. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मधे वाळूची पट्टी. तिथे माणूस खोकला तरी दोन्हीकडच्या होड्यांना कळतं की कोण खोकलं आणि काल काय खाल्लं होतं. गावापासून काही लपवायचा नाद जानकीने लग्नानंतर आठवड्याभरात सोडला होता. जगापासून लपणं त्यामानाने सोपं होतं. जग देवबागेत येत नसे, आणि आलं तर तिचा नवरा गुरुदास याच्या निवास-न्याहारीत दोन दिवस राहून, पाण्यात स्कूटर फिरवून परत जाई.

तिच्या लपण्याला कारण होतं. लग्नाआधी अकरा वर्षं ती मुंबईत एका विम्याच्या कचेरीत होती. तिथल्या अर्जाच्या शेवटी 'शेरा' असा रकाना असे. एका भल्या माणसाच्या अर्जावर कोणीतरी 'चक्कर येते' असं लिहिलं होतं. तो उन्हात रांगेत उभा होता, एकदाच चक्कर आली होती. पण तो शेरा त्या माणसामागोमाग तीन कचेऱ्या फिरला. शेवटी तो म्हातारा होऊन खरोखरच चक्कर येऊन पडला, तेव्हा सगळ्यांना समाधान वाटलं. जानकीने त्यातून एवढंच उचललं की माणूस सुधारतो, मरतो, काय वाटेल ते करतो, लिहिलेला शेरा मात्र आहे तिथे असतो.

आणि लेकीच्या, रियाच्या नावापुढे तिला शेरा पडू द्यायचा नव्हता.

रिया दहा वर्षांची. बोलताना अडखळे. 'म' आणि 'व' तिच्या वाटेत आडवे पडत, आणि मालवण तालुक्यात राहून या दोन अक्षरांवाचून दिवस काढणं कठीण. शाळेतल्या पोरांनी तिला 'इंजिन' नाव ठेवलं. होडीच्या इंजिनाची दोरी सहा-सात वेळा ओढावी लागते, तेव्हा कुठे ते सुरू होतं, म्हणून. नाव चपखल होतं, हे जानकीलाही मान्य करावं लागलं. पोरांचं तिला काही वाटलं नाही. पण एके दिवशी बाई वर्गाला म्हणाल्या, "गप रवा रे, इंजिन चालू होऊ दे." बाईंना तो विनोद वाटला होता. २००९च्या जूनमध्ये जानकीने रियाचं नाव शाळेतून काढलं आणि घरी शिकवायला घेतलं.

"झेपतला तुका?" गुरुदासने विचारलं.

"तुमका इतकी वर्षां झेपवलंय मा?" जानकी म्हणाली. चर्चा तिथेच संपली.

सासरे भिकाजींनी मात्र दोन दिवस विचार केला. मग म्हणाले, "शाळेतसून काडलंस तां काडलंस. देवाक सांगलंस?"

"देवाक काय सांगूचा त्यात?"

"मगे तेका कळतला कसा?"

जानकी भाकऱ्या थापायला गेली.

घरी शिकणाऱ्या मुलांच्या कुटुंबांचा सिंधुदुर्गात एक ई-मेल ग्रुप होता. 'मोकळी शाळा'. सदस्य तेवीस. पैकी मुलांना खरोखर घरी शिकवणारी घरं चार. आणखी सहाजण 'विचार करत' होते आणि ते गेली तीन वर्षं करत होते. दोघे लाकडी खेळणी विकत. एक गृहस्थ नागपूरचे होते, त्यांना बाहेर कसं पडायचं ते ठाऊक नव्हतं. उरलेले कोण होते हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि जानकीला नेमकी त्यांचीच भीती वाटे.

ग्रुपचा चालक मितेश. पुण्याची कॉम्प्युटरची नोकरी सोडून तो वैभववाडीजवळ घाटाच्या पायथ्याशी मातीच्या घरात राहायला आला होता. त्या घरात वीज होती, इन्व्हर्टर होता, डोंगल होतं, आणि भिंतीला शेण लावायला बाई येत असे. मेलखाली तो 'मातीतला मितेश' अशी सही करी. जो लपतो तो घाबरतो, असा त्याचा सिद्धांत होता. नव्या सदस्याने मुलाचं नाव, वय, फोटो आणि शाळा सोडण्याचं कारण लिहावं असा नियमही होता. जानकीने लिहिलं, 'मुलगी. कारण: शाळा.' त्यावर मितेशचा नऊ परिच्छेदांचा मेल आला. त्यात 'प्रवास' हा शब्द चौदा वेळा होता. जानकीने मोजले, दुपारी तिला दुसरं काम नव्हतं.

ती ग्रुप सोडून गेली असती. पण मितेशला मुलगी होती, उर्वशी, अकरा वर्षांची. रियाला देवबागेत मैत्रीण उरली नव्हती. जानकीने मितेशच्या बायकोला, सारिकाला, फोन करून घरचा पत्ता सांगितला. लिहून दिला नाही, तोंडी सांगितला, आणि वर "खंय लिवन ठेवू नको हां" असं बजावलं. सारिकाने तो अर्थातच लिहून ठेवला, कारण पंधरा दिवसांनी उर्वशीचं पत्र आलं. मग रियाचं गेलं. मग येतच राहिली. कधी आत पिसं, कधी वाळलेली पानं, इकडून शिंपले. पत्र आलं की रिया ते घेऊन माडाखाली जाऊन बसे आणि परत येताना हसू दाबत येई. कागदावर 'म' आणि 'व' तिला काही त्रास देत नसत.

जानकीने त्यातलं एकही पत्र कधी वाचलं नाही. त्याचा तिला अभिमान होता. शेजारणी मुलांच्या वह्या, दप्तरं, खिसे उलटेपालटे करत, तेव्हा ती म्हणे, "लेकरांका पण आपला असा कायतरी लागता." हे ती अशा आवाजात म्हणे की शेजारीण पुढचा आठवडा तिच्याकडे फिरकत नसे.

जानेवारीत ग्रुपचं पहिलं संमेलन ठरलं, तेही देवबागेत, कारण खोल्या गुरुदासकडे होत्या आणि रिया महिनाभर "उर्वशी येतली?" एवढंच विचारत होती. जानकीने मितेशला तीन अटी कळवल्या. फोटो नाहीत. नेटवर नावं नाहीत. गावाचं नाव नाही. मितेशचं उत्तर आलं, 'शंभर टक्के आदर!' आणि खाली खासगीपण हे बीजासारखं कसं असतं यावर दोन परिच्छेद.

चार कुटुंबं आली. येताना त्यांनी आपापलं सैंधव मीठ आणलं होतं. एका बाईंनी भिकाजींना विचारलं की मासे केमिकलवाले नाहीत ना.

"समुद्रात कोण फवारणी करूक जाता?" भिकाजी म्हणाले. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं.

उर्वशी उतरली ती थेट रियाकडे गेली. दोघी खाडीच्या काठाला तिसऱ्या, म्हणजे चिखलातल्या शिंपल्या, काढायला बसल्या. जानकी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होती. रियाने तोंड उघडलं. अडकली. मान हलली, ओठ मिटले, पुन्हा उघडले. उर्वशी चिखलात बोटं घालून तिसरी शोधत राहिली, वर पाहिलंसुद्धा नाही. शब्द बाहेर पडला तेव्हा तिने त्याला उत्तर दिलं. पोर गुणाची आहे, जानकीच्या मनात आलं, बापावर गेलेली दिसत नाही. आणि ती तव्याकडे वळली.

जेवणाआधी मितेशला कोणीतरी सांगितलं की म्हातारे देवाला गाऱ्हाणं फार चांगलं घालतात. गुरुदासनेच सांगितलं असणार. बायकोने काय सांगू नये म्हटलंय याची त्याला यादी पाठ नसे.

"वा! मग आपल्या परिवारासाठी एक होऊन जाऊ दे की, आजोबा," मितेश म्हणाला. "लोकपरंपरा आहे ही. मुलांना पुस्तकात कुठे मिळणार?"

भिकाजींना परंपरा वगैरे माहीत नव्हती. त्यांना वाटलं, ही माणसं अडचणीत आहेत. पोरांना शाळेने घेतलेलं दिसत नाही.

तुळशीपुढे नारळ ठेवून ते उभे राहिले. त्यांच्या मते गाऱ्हाण्यात मुख्य गोष्ट पत्ता. देवाला शंभर गावं, शंभर घरं. नाव नीट घातलं नाही तर काम भलत्याचंच होतं. वाडीतल्या एकाने म्हैस गाभण राहू दे म्हणून गाऱ्हाणं घातलं आणि घराण्याचं नाव घ्यायला विसरला, तर शेजाऱ्याची म्हैस व्याली, हे ते शपथेवर सांगत.

जानकीच्या कानावर पहिलं "व्हय म्हाराजा" पडलं तेव्हा तव्यात सुरमईचे तुकडे होते. कोणासाठी तरी गाऱ्हाणं चाललंय, असं तिला वाटलं. दुसऱ्याला ती बाहेर आली.

"...बारा वाटांच्या, बारा पाणवठ्यांच्या म्हाराजा," भिकाजी डोळे मिटून म्हणत होते, "देवबागच्या तांडेलाच्या घरातलो मी भिकाजी, माझो झील गुरुदास, सून जानकी, कट्ट्याची, त्यांचा ह्यां चेडू रिया. तेची जीभ अडाकता, म्हाराजा. शाळेतली पोरां तेका इंजिन म्हणत, मास्तरीण पण तसाच म्हणा लागली, म्हणान आवशीन तेका शाळेतसून काडला. चेडवाचो काय गुन्हो नाय. तेची वाचा मोकळी कर, आणि हे आणखी जे कोण घाटाखालचे इलेत, त्यांच्या पोरांकाय खंय तरी शाळेत घेवन टाक, रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. वहीवाल्या बाई सर्वांत मोठ्याने. रियाही म्हणाली, आजोबांच्या शेजारी हात जोडून, सगळ्यांबरोबर, एका दमात. लहानपणापासून ती म्हणत आली होती.

मितेशच्या डोळ्याला छोटा कॅमेरा लावलेला होता. "आपल्यासाठीच, ताई," तो म्हणाला. "आठवण म्हणून."

सुरमई करपली.

चौथ्या दिवशी ग्रुपवर मेल आला. यूट्यूबचा दुवा होता आणि वर शीर्षक, 'देवबागच्या रियासाठी आजोबांचं गाऱ्हाणं: एक अडखळणारा मुक्त प्रवास'. जानकीने पूर्ण पाहिलं. नाव, बापाचं नाव, आईचं माहेर, घराणं, गाव, तक्रार. विम्याच्या कचेरीतसुद्धा लोक इतका नीट अर्ज भरत नसत. फक्त पिनकोड राहिला होता. बघणारे तीनशे बारा.

तिने फोन लावला.

"तुम्ही अटी मान्य केल्या होत्या."

"ताई, फोटोंच्या. हा तर दस्तऐवज आहे," मितेश म्हणाला. "किती प्रतिसाद येतोय, बघताय ना? कॅनडातल्या एका समुपदेशक बाईंना रडू आलं."

"त्यांना रडायला दुसरं काही शोधून द्या. हे काढा."

"तुम्ही फार बंद आहात, जानकीताई. मुलीला लाज वाटत नाही, तुम्हाला वाटते. मी हे तुमच्यासाठी नाही, रियासाठी केलंय."

"रियाला विचारलंत?"

"ती लहान आहे हो."

त्याने काढलं नाही. उलट संध्याकाळी 'पालकांमधली भीती' या विषयावर मेल टाकला, नाव न घेता, म्हणजे तेवीसच्या तेवीस जणांना कळेल असा. गुरुदास म्हणाला, "बघतीत आणि इसारतीत गो." तिकडे माहेरी, कट्ट्याच्या बाजारात, जानकीच्या भावाला ते कोणीतरी मोबाइलवर दाखवलं. यूट्यूबवर बघणारे आता पाचशेच्या वर होते, आणि खाली एकाने लिहिलं होतं, 'इंजिनाला ऑइलिंग करा'.

तो शेरा वाचून जानकी उठली. रिया आजोबांबरोबर मालवणला गेली होती. तिच्या उशाशी पत्रांचा बिस्किटांचा डबा होता. मितेशच्या घरातलं काहीतरी त्यात सापडेल, एवढं जानकीला कळत होतं. अशा माणसाच्या घरात काहीतरी असतंच. तिने डब्याला हात लावला, मागे घेतला, दार लोटून घेतलं आणि झाकण काढलं. दार लोटलं तेव्हा घरात दुसरं कोणी नव्हतं.

उर्वशीचं पाचवं पत्र. 'कोणाला सांगू नको. मी जूनपासून शाळेत जाते. सहावी क. मला आवडते. बाबांना चालतं, पण ग्रुपवर कळलं तर त्यांचं हसं होईल. मी युनिफॉर्म आत्याकडे बदलते. तू शपथ घे.'

आणखी एक कागद होता, रियाच्या अक्षरातला, पहिल्या पत्राची कच्ची प्रत. 'मी अडखळत बोलते. तू भेटलीस की मधे शब्द सुचवू नको, मला राग येतो. थांब फक्त.'

म्हणजे गुपित जिचं होतं तिने ते पाच रुपयांच्या पाकिटात घालून ऑगस्टमध्येच पाठवून दिलं होतं. हे जानकीने वाचलं, घडी जशीच्या तशी घातली, आणि फोन लावला.

"उर्वशी सहावी क-मध्ये किती मोकळी शिकते, ते सगळ्यांना कळवू का?" तिने विचारलं. "ग्रुपवर टाकते. दस्तऐवज म्हणून."

पलीकडे मितेशने दार लावून घेतल्याचं ऐकू आलं. मातीच्या घरात आवाज घुमत नाही म्हणतात.

"तुम्ही एका मुलीला यात ओढताय," मितेश म्हणाला.

"हो."

दहा मिनिटांत व्हिडिओ गेला. जानकीने पुन्हा पुन्हा दुवा दाबून पाहिला आणि त्या दिवशी ती चवीने जेवली. मितेशसारखी माणसं तत्त्वासाठी जगतात आणि आत्याच्या घरी युनिफॉर्म बदलतात, हे तिने गुरुदासला दोनदा सांगितलं. गुरुदास दोन्ही वेळा "खराच" म्हणाला.

आठ दिवसांनी उर्वशीचं कार्ड आलं. पाकीट नव्हे, कार्ड. पोस्टमनने ते वाटेत वाचलं असणार, कारण रियाच्या हातात देताना तो काही बोलला नाही, आणि एरवी तो बोलल्याशिवाय देत नसे. रियाने ते उभ्याउभ्याच वाचलं आणि चुलीजवळ येऊन जानकीच्या मांडीवर ठेवलं.

'बाबांनी विचारलं कोणाला सांगितलंस. मी फक्त तुला सांगितलं होतं. आता मला पत्र लिहू नको.'

"आये," रिया म्हणाली. "तू व... व..."

जानकीच्या जिभेवर शब्द तयार होता. 'वाचलंस'. तिने तो सुचवला नाही. सुचवायचा नाही हे तिला कुठून कळलं, तेही लगेच आठवलं.

"वाचलंस," रिया म्हणाली.

"तुझ्यासाठीच केलंय, बाय. ता सगळा तुझा नाव घेवन..." जानकी बोलता बोलता थांबली. हे वाक्य तिने हल्लीच कुठेतरी ऐकलं होतं. बोलणाऱ्याबद्दल तिचं मत काय आहे तेही तिला पाठ होतं.

"आजोबांनी तरी माझ्या समोर सांगल्यानी," रिया म्हणाली. या वाक्यात ती दोनदा अडकली, आणि जानकी दोन्ही वेळा थांबली.

मग रियाने वहीचा कागद फाडून तिच्यापुढे ठेवला. "तू लिही. तिका."

"मी काय लिवू?"

"काय केलंस तां."

अकरा वर्षांच्या पोरीला पत्र लिहायला जानकीला अर्धी दुपार लागली. चुलीवरची आमटी दोनदा आटली. तिने कागद भरून लिहिलं, पाठपोट. रियाने पेन्सिल घेतली आणि वाचायला बसली. 'मी रियाचा डबा उघडून तुझं पत्र वाचलं. रियाने कोणालाही सांगितलं नव्हतं. तुझी गोष्ट तुझ्या बाबांना मी बोलले.' इथवर ती काही न करता आली. पुढची ओळ 'कारण'ने सुरू होत होती. तिथून खाली आणि मागच्या पानाच्या शेवटापर्यंत तिने सगळं खोडलं, अक्षर दिसणार नाही असं, पेन्सिल दाबून.

"आता नाव घाल," ती म्हणाली.